आधी शून्य पाहा

मुलांनो, तुम्ही अब्बांबरोबर किंवा मामूंबरोबर पेट्रोल पंपावर नक्कीच गेला असाल. तेथे तुमचे लक्ष कोठे असते? बहुधा रस्त्यावरच्या गाड्यांकडे. पुढच्या वेळी मीटरकडे पाहा. असे मी का सांगतो, ते ऐका.

माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील मालेगावातील बेकरीतून पाव, टोस्ट आणि खारी घेतात आणि मोटारसायकलवरून आसपासच्या खेड्यांत विकतात. एके दिवशी त्यांनी पंपावर 500 रुपयांचे पेट्रोल मागितले. नोकराने 200 रुपयांवरच पेट्रोल थांबवले. "मला 200 ऐकू आले. उरलेले 300 चे टाकतो," असे तो म्हणाला. तेवढ्यात दुसऱ्या नोकराने विचारले, "पैसे रोख देणार की मोबाइलवरून?" वडिलांनी खिशात हात घातला. मीटर पुन्हा सुरू झाला आणि 300 वर थांबला. 200 आणि 300 मिळून 500. त्यांनी 500 रुपये दिले व ते निघाले.

यात फसवणूक कोठे झाली, सांगा पाहू! दुसऱ्या वेळी मीटर शून्यावर आणलाच नव्हता. तो 200 च्या पुढे चालू झाला होता. म्हणजे पेट्रोल मिळाले एकूण 300 रुपयांचेच. एरवी आठवडाभर पुरणारे पेट्रोल चौथ्या दिवशीच संपले. गाडी रस्त्यात बंद पडली आणि त्या दिवशीचा निम्मा पाव तसाच घरी परत आला. शिळा पाव कोण घेणार?

म्हणून पेट्रोल सुरू होण्यापूर्वी मीटरवर शून्य आहे ना, ते पाहावे. मराठीत शून्य, उर्दूत सिफर. मध्येच पेट्रोल थांबले, तर तेथवरचे पैसे वेगळे द्यावेत आणि मीटर पुन्हा शून्यावर आणायला सांगावे. मीटरवर रक्कम, लिटर आणि दर असे तीन आकडे दिसतात. दराने लिटरला गुणले की रक्कम आली पाहिजे. हा गुणाकार तुम्हांला येतोच. पावतीही मागून घ्यावी.

काही लोक 100 ऐवजी 110 रुपयांचे पेट्रोल घेतात. त्यामुळे फसवणूक टळते, असे त्यांना वाटते. पण यंत्राचे मापच कमी असेल, तर 110 रुपयांतही त्याच प्रमाणात कमी मिळणार. पहाटे थंडीत पेट्रोल जास्त मिळते, असेही म्हणतात. तापमान 1 अंशाने वाढले, तर 1 लिटर पेट्रोल सुमारे 1 मिलिलिटरने फुगते, हे खरे आहे. परंतु पंपाची टाकी जमिनीखाली असते. तेथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोहोचत नाही. तेव्हा त्यासाठी झोपमोड करू नका!

कधी कधी लबाडी यंत्राच्या पोटातच असते. यंत्रातून पेट्रोल जाते तसा एक भाग फिरतो आणि त्याच्या फेऱ्या मोजून मीटर आकडे दाखवतो. 2017 साली उत्तर प्रदेशात आणि नंतर ठाणे पोलिसांनी घातलेल्या छाप्यांत काही पंपांवर या मोजणीत फेरफार करणाऱ्या चिप सापडल्या. असे यंत्र शून्यापासून सुरू होते, हिशेबही बरोबर दाखवते. फक्त पेट्रोल कमी देते. ते नुसत्या डोळ्यांनी कसे कळणार?

त्यासाठी पंपावर 5 लिटरचे धातूचे माप ठेवलेले असते. उर्दूत आपण याला पैमाना म्हणतो. त्यावर सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का असतो. संशय आल्यास ग्राहकाला या मापाने तपासणी मागता येते. मीटरवर 5 लिटर होईपर्यंत मापात पेट्रोल भरतात आणि मापाच्या गळ्यावरील खूण पाहतात. 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त तूट चालत नाही. पेट्रोलमध्ये भेसळ आहे असे वाटल्यास गाळणकागद मागावा. त्यावर टाकलेला थेंब उडून गेल्यावर डाग राहिला, तर भेसळीचा संशय घ्यावा. पुष्कळ लोक हे मागायला लाजतात. मागे गाड्यांची रांग असते, भोंगे वाजत असतात. पण पैसे आपले आहेत, मग लाजायचे कशाला? पंपावर कोणी ऐकलेच नाही, तर तेथील तक्रारवहीत लिहावे किंवा 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करावा.

नीट मोजून घेतलेले पेट्रोल रस्त्यावर वाया जाऊ नये, हेही पाहायला हवे. चाकात हवा कमी असेल किंवा ब्रेक चाकाला घासत असेल, तर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि पेट्रोल जास्त जळते.

तो मुलगा आता सुटीच्या दिवशी वडिलांच्या मागे बसून पंपावर जातो. नोकराने नळी हातात घेतली, की तो मीटरकडे बोट दाखवून म्हणतो, "अब्बा, सिफर!"