गुन्हा ठरतो कसा?

कोणी म्हणतो, "त्यानं चोरी केली." लगेच सारा गाव त्याला चोर म्हणू लागतो. कोर्टात तसे चालत नाही. तिथे गुन्हा तोलून पाहावा लागतो. तो कसा तोलतात, ते आपण पाहू.

पूर्वी आपल्या देशात काही ठिकाणी मोठे खटले ज्यूरीपुढे चालत. ज्यूरी म्हणजे निवडलेल्या साध्या नागरिकांची मंडळी. पंचनाम्याचे पंच वेगळे आणि हे वेगळे. कायदा काय म्हणतो, हे न्यायाधीश ज्यूरीला समजावून सांगत. खरे काय घडले, हे ज्यूरीने ठरवायचे.

न्यायाधीश काय समजावीत? गुन्ह्याची अंगे. चोरीचेच उदाहरण घेऊ. कायद्याप्रमाणे चोरीची अंगे पाच.

१. वस्तू हलवता येण्याजोगी हवी. बांधावरची उभी बाभूळ जमिनीचा भाग असते. ती तोडून जमिनीपासून वेगळी केली, की मग तिची चोरी होऊ शकते.
२. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातली हवी.
३. त्याची संमती नसावी.
४. नेण्यासाठी ती जागची हलवलेली हवी. घरी पोचलीच पाहिजे असे नाही.
५. मनात लबाडी हवी.

आता समजा, बाजारात दोघांच्या शेळ्या शेजारी बांधल्या आहेत. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या. एक जण आपलीच समजून दुसऱ्याची शेळी सोडून नेतो. पहिली चारही अंगे जुळली. पण मनात लबाडी नाही. म्हणून ही चोरी नव्हे. बाजेचा एक पाय काढला तर बाज उभी राहील का? गुन्ह्याचेही तसेच आहे.

"हा माणूस वाईट चालीचा आहे," असे कोणी म्हणेल. पण पाच अंगांत ते कुठे आहे? कुठेच नाही. नुसत्या नावलौकिकावरून कोणाला तुरुंगात धाडता येत नाही. प्रत्येक अंग पुराव्याने सिद्ध करायचे काम सरकार पक्षाचे. रास्त संशय उरला, तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो.

ज्यूरीला कायदा नीट सांगितला नाही, तर काय होते? १९५९ साली मुंबईत कमांडर नानावटी यांच्यावर खुनाचा खटला झाला. "झटापटीत पिस्तूल चुकून उडाले," असा त्यांचा बचाव होता. ज्यूरीत नऊ जण होते. आठ जणांनी "दोषी नाही" म्हटले, एकाने "दोषी" म्हटले. न्यायाधीशांना हा निकाल पटला नाही. त्यांनी खटला हायकोर्टाकडे पाठवला. हायकोर्टाला दिसले, की ज्यूरीला कायदा सांगण्यातच चुका झाल्या होत्या. अपघात झाला असे आरोपी म्हणतो, तर ते दाखवण्याचा भार त्याच्यावर असतो. ही गोष्टच ज्यूरीला सांगितलेली नव्हती. १९६० साली हायकोर्टाने नानावटींना जन्मठेप दिली. १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

पुढे १९७३ च्या फौजदारी कायद्याने ज्यूरीला जागा ठेवली नाही. इंग्लंड-अमेरिकेत ती आजही आहे. आपल्याकडे आता न्यायाधीशच निकाल देतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३०३ कलमात चोरी सांगितली आहे. अंगे तीच पाच आहेत.

मग हे आपण का शिकायचे? उद्या आपल्याला साक्षीला बोलावतील. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. "तो चोरच आहे," असे म्हणू नये. "त्याला शेळी सोडताना मी पाहिलं," एवढे म्हणावे. चावडीवर कोणाचे नाव निघाले, तरी आधी पाच प्रश्न विचारावेत. एका माणसाची अब्रू त्यावर अवलंबून असते.

प्रश्न
१. चोरीची पाच अंगे कोणती?
२. शेजाऱ्याचा नांगर त्याला विचारून आणला, तर ती चोरी का नव्हे?
३. ज्यूरीचे काम कोणते आणि न्यायाधीशांचे कोणते?