डिस्ट्रिब्युटर शाफ्टचा खालीवर प्ले आणि इंजिनचे टायमिंग

डिझेल ट्रॅक्टरला व डिझेल पंपाला डिस्ट्रिब्युटर नसतो, त्यामुळे हा लेख त्यांच्याविषयी नाही. परंतु भाजीपाला, दूध बाजारात नेण्यासाठी जुनी पेट्रोल जीप जपून वापरणारे बागाईतदार अजून आहेत. टायमिंग लावून आणले की आठ दिवसांत पुन्हा बिघडते, ही त्यांची नेहमीची तक्रार. चढावर इंजिन ठोके देते, मंद गतीत अडखळते. आमच्या घरच्या जीपचे पॉइंट व कंडेन्सर एकाच हंगामात तीनदा बदलले गेले. दोष मात्र शाफ्टच्या प्लेमध्ये होता.

डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर तिरक्या दात्यांचा असतो. तिरके दाते म्हणजे एका परीने स्क्रूचे आटेच. त्यामुळे असा शाफ्ट नुसता वरखाली सरकला तरी थोडा फिरतोही आणि पॉइंट उघडण्याची वेळ बदलते. उदाहरणादाखल, दात्यांचा एक पूर्ण फेरा 80 मि.मी. लांबीत होत असेल, तर अर्ध्या मि.मी.च्या प्लेमुळे शाफ्ट सव्वादोन अंश फिरेल. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर ही चूक साडेचार अंशांची होते. विलीज बनावटीच्या चार सिलिंडर इंजिनाचे टायमिंगच मुळात 5 अंश आधी ठेवलेले असते, हे लक्षात घ्यावे.

प्ले अजिबात ठेवू नये असा मात्र याचा अर्थ नाही. डिस्ट्रिब्युटरचे घर अॅल्युमिनियमचे असेल तर ते तापल्यावर पोलादी शाफ्टपेक्षा जास्त वाढते. 100 मि.मी. लांबीत, 60 अंश सेल्सिअस तापमान वाढल्यास, सुमारे 0.07 मि.मी. जागा यातच कमी होते. थंड असताना घट्ट बसवलेला शाफ्ट गरम झाल्यावर आवळतो आणि बुश खातो. काही मिस्त्री ‘अगदी फिट’ करून देतात, ते चांगले काम नव्हे. किती प्ले ठेवावा हे त्या डिस्ट्रिब्युटरच्या पुस्तिकेवरून ठरवावे.

तपासणी घरीही करता येते. कॉइलच्या ज्या टोकाची वायर डिस्ट्रिब्युटरला जाते, ते टोक व इंजिनची बॉडी यांमध्ये एक छोटा बल्ब जोडावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, कॅप काढून, इग्निशन चालू करावे व इंजिन हाताने सावकाश फिरवावे. पॉइंट उघडताच बल्ब लागतो. नेमके तेथेच थांबून रोटरखालचा शाफ्ट हलकेच वर उचलावा, खाली दाबावा, मग बाजूला रेटून पाहावा. बल्ब लागू-विझू लागला तर प्ले टायमिंग बिघडवतो आहे. बाजूला रेटताना विझला तर बुश झिजला आहे. तेथे वॉशर घालून उपयोग नाही. इग्निशन फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.

जीपबाबत एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. तिचा तिरका गिअर डिस्ट्रिब्युटरवर नसून ऑइल पंपाच्या शाफ्टवर असतो आणि डिस्ट्रिब्युटरची जीभ त्या शाफ्टच्या खाचेत बसते. म्हणून जीभ, खाच व पंपाचा शाफ्ट यांचाही प्ले पाहावा लागतो. पंप काढल्यास टायमिंग मुळापासून लावावे लागते; हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी बॅटरीची वायर सोडावी, रोटरची दिशा व घराची जागा खुणेने नोंदवावी. शाफ्टच्या टोकाची कॉलर (किंवा गिअर) आणि घर यांमध्ये फिलर गेज घालून प्ले मोजावा. जास्त असल्यास पिन काढून योग्य जाडीचा वॉशर घालावा, पिन नवी बसवावी, तेल लावून शाफ्ट बोटांनी मोकळा फिरतो ना ते पाहावे. त्यानंतरच पॉइंटची गॅप (जीपसाठी 0.5 मि.मी.) लावावी आणि टायमिंग सर्वांत शेवटी. गॅप बदलली की टायमिंगही सरकते, तेव्हा हा क्रम उलटा केल्यास केलेले काम वाया जाते.