दाढीचा ब्रश आणि सुताराची पटाशी : छंदातून माल काढताना हिशोब कसा मांडायचा?

मागच्या व्हिडिओनंतर कळवण, अभोणा भागातल्या तरुणांचा एकच प्रश्न फिरून फिरून आला. सर, सुतारकामाची आवड आहे, घरी रंधा-पटाशी आहे, यातून काहीतरी छोटं विकता येईल का? येईल. पण चौरंग-पाटापासून सुरुवात करू नका, तिथे फर्निचरवाल्याशी गाठ आहे. आज एक लहान वस्तू घेऊ : दाढीच्या ब्रशचा लाकडी दांडा.

आता म्हणाल, दाढी आणि सुतारकामाचा काय संबंध? जुना आहे. फ्रान्समध्ये जाँ-जाक पेरे नावाचा एक सुरी-वस्तरे बनवणारा कारागीर होता. सुताराच्या रंध्याचं पातं लाकडातून जेमतेम बाहेर डोकावतं, म्हणून ते खोल घुसत नाही. हे बघून त्याने १७६० च्या दशकात वस्तऱ्याच्या पात्याला लाकडाचं कवच बसवलं. आजच्या सेफ्टी रेझरचा हा पूर्वज समजा. जिलेटला बदलत्या ब्लेडच्या रेझरचं पेटंट मिळालं ते १९०४ मध्ये, म्हणजे बरंच नंतर.

दोन्ही छंदांचा खरा सांधा धारेत आहे. पटाशीला साधारण २५ अंशांचा उतार ठेवतात आणि तो कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचं तसं नाही. त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, कोन आपोआप ठरतो. मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे, धार मागे. उलटं केलंत तर पट्टाही कापला आणि धारही गेली. एक काळजी घ्या : पटाशी घासून घासून दगड मधे खोलगट होतो, त्यावर वस्तरा लावू नका. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून दगड आधी सपाट करा, नाहीतर वस्तऱ्यासाठी वेगळा दगड ठेवा. आणि उघड्या वस्तऱ्याचा सराव स्वतःच्या गालावरच. एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावायचा नाही, रक्तातून आजार पसरतात. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड घालतात ते याचसाठी.

आता माल. लेथ लगेच घेऊ नका. रंधा आणि कानस वापरून अठपैलू दांडा सुंदर निघतो, हातात घसरतही नाही. लाकूड फर्निचरवाल्याकडचे शिसवाचे, सागाचे तुकडे घ्या. झाड तोडून आणायच्या भानगडीत पडू नका, सागाच्या तोडीला आणि वाहतुकीला वनखात्याची परवानगी लागते. तुकडा पूर्ण वाळलेला हवा. ओला असला तर पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात तडकतो, आणि शिव्या तुम्हाला. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा. केसांचा झुबका, ज्याला नॉट म्हणतात, तो तयार मिळतो. त्याचा बूड व्हर्नियरने मोजा, भोक अर्धा मिलिमीटर मोठं पाडा आणि आतून इपॉक्सी फिरवा, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. नॉट सगळ्यात शेवटी बसवा, म्हणजे दांडा बिघडला तर नॉट वाया जात नाही.

नॉट कृत्रिम केसांचाच घ्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स झाला होता, काही दगावले. कुठून आले हे माहीत नसलेले स्वस्त केस घेऊन दुसऱ्याच्या चेहऱ्याशी खेळू नका. आणि ब्रशसोबत घरी बनवलेला शेव्हिंग साबण द्यायचा मोह होईल. तो सौंदर्यप्रसाधनात मोडतो, विकायचा तर परवाना लागतो. सध्या सोडा.

आता वही काढा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. नॉट २५० रुपये, लाकूड ४०, इपॉक्सी आणि पॉलिश ६०, खोका ३०. झाले ३८०. बहुतेक जण इथेच थांबतात, कुरिअरचे ८० धरतात आणि ब्रश ५०० ला देऊन ४० रुपये सुटले म्हणून खूश होतात. तुमचे अडीच तास कुठे गेले? तासाला १०० धरले तरी २५०. एकूण ६३०. दहात एक माल बिघडणार, म्हणजे दहांचा खर्च नऊंतून काढायचा : ६३०० भागिले ९, बरोबर ७००. त्यावर कुरिअर, ७८०. म्हणजे ५०० ला विकलेल्या प्रत्येक ब्रशमागे तुम्ही २८० रुपये घरातून घातले! कांद्याला भाव पडला की आपण बाजार समितीत ओरडतो, इथे तर आपणच आपला भाव पाडतोय.

९५० ला घेणारं गिऱ्हाईक कळवणच्या आठवडे बाजारात सापडणार नाही, सप्तशृंगी गडाच्या यात्रेतही नाही. तिथे माणूस प्रसाद आणि खेळणी घेतो. हे गिऱ्हाईक नाशिक-पुण्यात आहे, फोटो बघून घेणारं. दांड्यावर पाणी पडल्यावरचा फोटो टाका, तोच प्रश्न ते आधी विचारतात.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल बरेच जण विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारही आहे आणि नाभिकही. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने. पण हे हाताने तोच व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. नोकरी सांभाळून हौस करणाऱ्याने त्यात नाव घालायला जाऊ नये. तुमच्या गावातला सुतार किंवा सलूनवाला अजून नोंदला नसेल तर त्याला सीएससी केंद्रावर घेऊन जा. धार लावायला तोच तुम्हाला शिकवेल.

या आठवड्याचं काम : तीन दांडे करा, नॉट एकच विकत घ्या. पहिला ब्रश स्वतः महिनाभर रोज वापरा, तडा जातो का बघा. बाकी दोन तोवर विकायचे नाहीत.