आधी पेशींचं कूळ विचार

अगं, स्वतःच्या हातांना दोष देणं आधी थांबव. शोधनिबंधातल्या हेला या कर्करोगाच्या पेशी ज्या औषधाने मरतात, त्याच औषधात तुझ्या फ्लास्कमधल्या हेला खुशाल वाढतात, यावरून ‘आपण राजूरसारख्या गावातल्या, आपल्याला हे जमायचं नाही’ हा निष्कर्ष तू कसा काय काढलास? मात्रा पुन्हा पुन्हा मोजलीस, मीडियम ताजं होतं. मग आता पेशींकडे बघ ना.

त्या फ्लास्कवर ‘हेला’ लिहिलंय, पण कुठली हेला? २०१९ साली संशोधकांनी १३ प्रयोगशाळांतून हेलाचे १४ नमुने मागवले, एकसारखे वाढवले आणि तपासले. जनुकांच्या प्रतींची संख्या वेगळी, आरएनएचं प्रमाण वेगळं, प्रथिनं वेगळी, ती मोडण्याचा वेगसुद्धा वेगळा. एकच हेला ५० पॅसेज पुढे नेली, म्हणजे एका फ्लास्कमधून दुसऱ्यात अशी ५० वेळा वाढवली, तर तीही हळूहळू बदलत गेली. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हेलात साधारण ७६ ते ८०. एवढी उलथापालथ झालेली पेशी विभागताना आणखी चुकते, आणि त्यातली जी तुमच्या सीरमवर झपाट्याने वाढते तीच पुढच्या फ्लास्कमध्ये जास्त संख्येने जाते. कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं. नुसतं वाढवत राहिलं तरी निवड होतच असते.

आपल्याकडे मोसंबीचं कलम घेताना डोळा कुठल्या झाडाचा आहे हे विचारल्याशिवाय शहाणा शेतकरी पैसे देत नाही. तू मात्र शेजारच्या प्रयोगशाळेतून आलेल्या पेशी काही न विचारता घेतल्यास.

आणि हा फरक औषधाच्या निकालापर्यंत पोचतो, म्हणून एवढं सांगतेय. स्तनाच्या कर्करोगाची एमसीएफ-७ ही सेल लाइन घे. २०१८ मध्ये तिच्या २७ उपप्रकारांवर ३२१ औषधी संयुगं तपासली होती. काही उपप्रकारांची वाढ जोरात रोखणाऱ्या संयुगांपैकी किमान ७५ टक्के संयुगं दुसऱ्या काही उपप्रकारांवर अजिबात चालली नाहीत. तुझा निकाल वेगळा आला यात नवल काय?

उद्या एसटीआर तपासणीला, म्हणजे पेशींची डीएनएवरून ओळख पटवायला, नमुना पाठव, मायकोप्लाझ्मा जिवाणूंच्या संसर्गाचीही तपासणी करून घे. पण एसटीआर जुळली म्हणून निश्चिंत होऊ नकोस. ती फक्त पेशी हेलाच आहेत, दुसऱ्या कुठल्या नाहीत, एवढंच सांगते. आतली जनुकं किती बोलतात ते तिला कळत नाही. तुझं औषध ज्या प्रथिनावर काम करतं, ते तुझ्या पेशींत पुरेसं बनतं का, हे आरएनए आणि प्रथिन दोन्ही पातळ्यांवर बघ. माझ्या मते तुझं उत्तर तिथेच असेल. मग पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-भांडारातून नव्या हेला मागव. आल्या की लगेच भरपूर व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये गोठव, आणि प्रत्येक प्रयोग ठरावीक पॅसेजच्या आतच कर. वहीत पॅसेज क्रमांक, सीरमचा लॉट, सगळं लिही. सीनियर हसले तरी लिही.

तुला मधूनच वाटतं ना, या इनक्युबेटरच्या जगात आपलं कोण आहे? पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे पीएचडीनंतर बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या. १९५१ मध्ये पहिल्यांदा हेला पेशी वाढल्या त्या याच प्रयोगशाळेत. पुढे रणदिवेंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. हे काम या मातीत एका मराठी बाईनेच रुजवलंय, बाई. आणि त्या हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या आईच्या होत्या, तिला न विचारता घेतलेल्या. त्यांच्यावर काम करणाऱ्याने निष्काळजी राहायचं नाही, असं मला मनापासून वाटतं.

सोमवारी सरांसमोर ‘माझा प्रयोग फसला’ असं म्हणू नकोस. ‘आपल्या हेला कुठून आल्या आणि आता कितव्या पॅसेजला आहेत?’ एवढं विचार. उत्तर कोणालाच देता आलं नाही, तर जुने आकडे फेकू नकोस. नव्या पेशींवर तोच प्रयोग लाव आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांड.