नाथांच्या भागवतात कृष्णजन्म का नाही?

प्रश्न : आमच्या सेक्टरात भागवत सप्ताह झाला, अर्थातच हिंदीतून. कृष्णजन्माच्या दिवशी पाळणा हलवला आणि वाटलं, हा भाग आपल्या भाषेत वाचावा. घरी सासूबाईंची एकनाथी भागवताची पोथी आहे. सगळी चाळली, पण कृष्णजन्माचा अध्याय काही सापडला नाही. पोथी अपुरी आहे, की नाथांनीच तो गाळला?
– एक वाचक, भिलाई

उत्तर : पोथीत एकतीस अध्याय असतील तर ती पूर्ण आहे. मूळ भागवताचे स्कंध बारा, आणि कृष्णजन्म येतो दहाव्यात. नाथांची टीका आहे ती अकराव्या स्कंधावर. त्या स्कंधाचे श्लोक सुमारे साडेतेराशे, नाथांच्या ओव्या मात्र अठरा हजारांच्या वर! संपूर्ण संस्कृत भागवताची श्लोकसंख्या परंपरेने अठरा हजारच सांगतात. तेव्हा पोथीची जाडी पाहून तुमची गल्लत झाली यात नवल नाही. पैठणला सुरू केलेला हा ग्रंथ नाथांनी काशीत, शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये पुरा केला.

अकरावाच का? दहाव्यात कृष्णाच्या लीला आहेत, अकराव्यात त्याचं बोलणं. निजधामाला जाण्यापूर्वी तो उद्धवाला जे सांगतो ते सातव्या अध्यायापासून एकोणतिसाव्यापर्यंत चालतं. त्याआधी राजा निमी आणि नऊ योगेश्वर यांचा संवाद आहे, आणि मला विचाराल तर या स्कंधाचा जीव तिथे, दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे भक्तांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. मूर्तीची पूजा श्रद्धेने करणारा, पण हरिभक्तांना आणि इतरांना न मानणारा, सगळ्यात खालच्या पायरीवर. ज्याला सर्वांभूती भगवंत दिसतो तो सगळ्यात वर. रामेश्वराला न्यायचं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे, वाळवंटात रडणारं अंत्यजाचं पोर कडेवर घेणारे अशी ज्यांची आठवण महाराष्ट्राने जपली, त्या नाथांना हाच स्कंध जवळचा वाटावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

उलट निवड पाहायची तर तुम्हाला फार लांब जायला नको. रायपूरच्या पुढे, राजिमजवळचं चंपारण हे वल्लभाचार्यांचं जन्मस्थान मानतात, जन्मसाल १४७९. म्हणजे नाथांच्या थोडे आधीचे. भागवतावरची त्यांची ‘सुबोधिनी’ही सगळ्या स्कंधांवर नाही. पहिला, दुसरा, तिसरा, दहावा आणि अकराव्याचा आरंभ एवढ्यांवरच ती मिळते. पण त्यांच्या पुष्टिमार्गाचा सगळा जिव्हाळा दहाव्याशी. बाळकृष्णाला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भोग दाखवायचा, निजवायचं, हीच तिथली सेवा. ग्रंथ एकच, पण एकाने त्यातलं गोकुळ घरी आणलं, दुसऱ्याने उद्धवाशी झालेला संवाद.

सप्ताहात अकरावा स्कंध तुमच्या कानांवर फारसा पडला नसेल, त्याचं कारण वेळापत्रकात आहे. तक्षकाच्या दंशाने सातव्या दिवशी मृत्यू, असा भागवत ऐकणाऱ्या राजा परीक्षिताला शाप होता, म्हणून कथा सात दिवसांची. त्यात पाळणा, गोवर्धन, रुक्मिणीविवाह यांना बुवा सढळ हाताने वेळ देतात. लोकांनाही तेच हवं असतं. शेवटच्या दिवशी सुदाम्याचे पोहे संपेपर्यंत मंडपामागे भंडाऱ्याच्या कढया चढलेल्या असतात. उरलेल्या वेळात उद्धव आणि परीक्षित दोघांनाही उरकावं लागतं.

कृष्णजन्म मराठी ओव्यांतच वाचायचा असेल तर श्रीधरांचा ‘हरिविजय’ घ्या. १७०२ साली पंढरपुरात पुरा झालेला, छत्तीस अध्यायांचा, वाचायला सोपा आणि रसाळ. सासूबाईंच्या पोथीत मात्र आधी दुसरा अध्याय काढा, मग चोवीस गुरूंचे सातवा ते नववा. तेविसावाही सोडू नका. सगळं धन गमावलेल्या एका कंजूष ब्राह्मणाची ती गोष्ट आहे, आणि कंजूषपणाचं वर्णन करताना नाथांची लेखणी चांगलीच खुलते.