समुद्रावरील तेलगळती आणि वर्दी देण्याचे कर्तव्य

विद्यार्थिमित्रहो, आपल्या अवसरी बुद्रुक गावापासून समुद्र दूर आहे; मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. तेव्हा समुद्रात तेल सांडल्यास त्याची वर्दी कोणी व कोणास द्यावी, याच्याशी आपणांस काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल तर ती गैर नव्हे. तिचे उत्तर आम्ही पाठाच्या अखेरीस देऊ. प्रथम घडलेली हकीकत पाहू.

दि. 7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया 3’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका कुशीवर कलंडले, त्यावरील अनेक कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे 800 टन तेल समुद्रात गेले. मुंबई व जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांतील वाहतूक काही दिवस खोळंबली. तवंग किनाऱ्यास आणि खाजणांतील तिवरांस लागला. नारळी पौर्णिमा तोंडावर आली असताना कोळी बांधवांवर हे संकट कोसळले.

अशा प्रसंगी वेळेला एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते पृष्ठभागावर झपाट्याने पसरते आणि वारा व भरती त्यास किनाऱ्याकडे लोटतात. लाटांच्या घुसळणीने तेलात पाणी मिसळून त्याचा घट्ट लगदा बनतो व त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. तेल ताजे असता तरंगते बांध घालून ते अडविता येते किंवा औषधे फवारून विरविता येते. लगदा झाल्यावर ती औषधे फारशी चालत नाहीत. सबब पहिल्या काही तासांत जे साधते, ते पुढे आठवडाभर खपूनही साधत नाही.

याकरिता राष्ट्रांनी मिळून नियम केले. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीचा ‘मार्पोल’ नावाचा करार 1973 साली झाला व 1978 साली त्यास पुरवणी जोडली गेली. भारत 1986 साली त्यात सामील झाला. वर्दीसंबंधी त्यातील नियम चार प्रश्नांत सांगता येतात.

कोणी द्यावी? जहाजाच्या कप्तानाने. जहाज सोडून द्यावे लागले किंवा त्याच्याकडून वर्दी मिळू शकली नाही, तर ती जबाबदारी मालक, भाडेकरी, व्यवस्थापक वा त्यांचे प्रतिनिधी यांजवर येते.

केव्हा द्यावी? विलंब न लावता. तेल सांडल्यावरच नव्हे, तर सांडण्याचा संभव दिसताच. जहाज वा माणसे वाचविण्यासाठी तेल सोडावे लागले, तरीही वर्दी चुकत नाही.

काय कळवावे? जहाजाची ओळख; घटनेची वेळ, प्रकार व ठिकाण; पदार्थ कोणता व किती; आणि मदतीची स्थिती. सर्व माहिती हाती येईपर्यंत थांबू नये. उरलेली मागाहून कळवावी.

कोणास कळवावे? जवळच्या किनाऱ्याच्या राष्ट्रास. आपल्या देशात 1996 च्या राष्ट्रीय योजनेनुसार तेलगळतीच्या निवारणाचे सूत्रचालन भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. 1990 च्या दुसऱ्या एका करारान्वये बंदरे, समुद्रातील तेलविहिरी व तेल हाताळणारी ठिकाणे यांवरही वर्दीचे बंधन आले. एवढेच नव्हे, तर दुसऱ्याचे तेल समुद्रावर तरंगताना दिसले, तरी ते पाहणाऱ्या कप्तानाने कळविलेच पाहिजे.

या नियमांचे मर्म असे की, वर्दी देणे म्हणजे अपराध कबूल करणे नव्हे. दोष कोणाचा, हे चौकशीत ठरते. वर्दी त्यासाठी थांबत नाही. परंतु मनुष्यस्वभाव प्रथम झाकावयास पाहतो. दि. 28 जानेवारी 2017 रोजी चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजे आदळली, तेव्हा प्रदूषण झाले नाही असे बंदराकडून प्रथम सांगण्यात आले. पुढे काळा लगदा किनाऱ्यास लागला आणि माणसांना तो बादल्यांनी उपसावा लागला. झाकल्याने हानी टळत नाही, आणि खर्चही चुकत नाही. 2011 साली मुंबईजवळ बुडालेल्या ‘एम. व्ही. राक’ या कोळसावाहू जहाजातून तेल पसरले, त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2016 साली जहाजाच्या पक्षास 100 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. आपल्या तालुक्यातून वाहणारी घोड नदी भीमेस मिळते, भीमा कृष्णेस आणि कृष्णा समुद्रास. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने हेच कर्तव्य नदीकाठी आणून ठेवले आहे. कारखान्यासारख्या ठिकाणाहून अपघाताने घातक द्रव्य ओढ्यात वा विहिरीत गेले, किंवा जाण्याचा संभव दिसला, तर तेथील चालकाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास ताबडतोब कळविले पाहिजे. 1986 च्या पर्यावरण कायद्यातही असेच बंधन असून, निवारणाचा खर्च जबाबदार इसमाकडून व्याजासह वसूल करता येतो.

हे बंधन चालकावर आहे, वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्यावर नाही. तथापि नदीच्या पाण्यावर तवंग दिसल्यास वेळ, ठिकाण, रंग, वास व अंदाजे विस्तार वहीत टिपून वडीलधाऱ्यांस सांगावे, आणि त्यांनी ते ग्रामपंचायतीस व मंडळास कळवावे. कारण खालच्या गावातील माणसे तेच पाणी पितात, आणि आपण बोलेपर्यंत त्यांस काहीच ठाऊक नसते.