फुग्यांच्या बंदुकीपासून दहा मीटरच्या रेंजपर्यंत : मुलांना नेमबाजी कशी सुरू करून द्यावी?



नवरात्र संपून शाळा सुरू झाली की मुलं यात्रेच्या गोष्टी घेऊन येतात. मागच्या वर्षी आमच्या पाचवीतली एक मुलगी कोराडीच्या यात्रेहून आली ती एकच गोष्ट सांगत होती. फुगे फोडायच्या स्टॉलवर तिने दहा छर्‍यांत आठ फुगे फोडले होते! त्या बंदुकीची नळी वाकडी असते हे आपण मोठ्यांना माहीत आहे. तिने ते पहिल्या दोन छर्‍यांत ओळखलं आणि पुढचे आठ छर्रे मुद्दाम थोडे बाजूला धरून मारले. मग मला विचारलं, "मॅडम, मला खरं रिव्हॉल्व्हर शूटिंग शिकायचं आहे. कुठं शिकवतात?"

मला उत्तर देता आलं नाही. कबड्डी, खो-खो, धावणे याबद्दल विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं. त्यात तिचे वडील पालकसभेला आले आणि म्हणाले, "काऊन जी मॅडम, पोरीच्या हाती बंदूक देता का?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच प्रश्न होता. त्यानंतर मी जी माहिती गोळा केली, ती आज आपल्यासमोर ठेवत आहे. आपल्या वर्गातही असं एखादं मूल असेल.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

मुलं सिनेमा पाहून सगळ्यालाच रिव्हॉल्व्हर म्हणतात. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांसाठी फिरतं चक्र असतं आणि प्रत्येक गोळीनंतर चक्र पुढे सरकतं. अमेरिकेसारख्या देशांत फक्त रिव्हॉल्व्हरच्या वेगळ्या स्पर्धाही होतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत रिव्हॉल्व्हरला जागा आहे ती २५ मीटर सेंटर फायर या पुरुषांच्या प्रकारात. त्यातही आता बहुतेक खेळाडू पिस्तूलच वापरतात. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही, पण आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी १९९४ आणि २००६ मध्ये यात सुवर्णपदक जिंकलं. हेच राणा पुढे मनू भाकरचे प्रशिक्षक झाले.

तिथपर्यंत पोहोचायचा रस्ता मात्र सगळ्यांसाठी साधारण सारखा आहे. आधी १० मीटर एअर पिस्तूल, मग पॉइंट टू-टू (.२२) बोअरचं २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल आणि त्यानंतर सेंटर फायर. म्हणजे ज्या मुलाला रिव्हॉल्व्हर चालवायचं आहे, त्यालाही सुरुवात एअर पिस्तुलानेच करावी लागते. एअर पिस्तुलात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. प्रत्येक वेळी एकच छर्रा भरायचा, एकाच हाताने धरायचं आणि दुसरा हात खिशात किंवा कमरेला. पिस्तुलाचं वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅम ओढ देणारा असावा लागतो. मोठ्या स्पर्धेत ६० छर्रे असतात, वेळ सव्वा तास आणि जास्तीत जास्त गुण ६००.

आपल्या महाराष्ट्रातली माणसं

वर्गात सांगायला आपल्याकडे उदाहरणं भरपूर आहेत, आणि बरीचशी कोल्हापूर जिल्ह्यातली आहेत.

तेजस्विनी सावंत यांनी २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात त्या जगज्जेत्या झाल्या. त्यांच्याच शाळेत राही सरनोबत शिकत होती. आपल्या शाळेतली ताई जिंकून आली हे तिने पाहिलं आणि तीही या खेळाकडे वळली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहीने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची खेळाडू दोघींचे ३४-३४ गुण झाले होते. निकाल शूट-ऑफमध्ये लागला.

स्वप्नील कुसाळे हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याचे वडील आपल्यासारखेच शिक्षक. २००९ मध्ये त्यांनी मुलाला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे खेळ निवडायची वेळ आली तेव्हा त्याने नेमबाजी निवडली. पुढे तो रेल्वेत टी.सी. झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. पात्रता फेरीत स्वप्नील सातवा होता, म्हणजे अंतिम फेरीत जेमतेम शिरला होता. ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते.

पालकांची भीती आणि रेंजवरचा पहिला दिवस

मुलीच्या वडिलांना मी म्हटलं, "दादा, नाही म्हणायच्या आधी एकदा पाहून तरी येऊ." आम्ही तिघं शहरातल्या एका रेंजवर गेलो. तासभर बसलो. त्या तासात प्रशिक्षकांनी नवीन मुलांना एकही छर्रा मारू दिला नाही! त्यांनी फक्त नियम म्हणून घेतले. ते मी वहीत लिहून आणले :

१. हत्यार नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं.
२. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. गप्पा मारताना, मागे वळून बघतानासुद्धा.
३. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.
४. 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' या आदेशांशिवाय काहीही करायचं नाही. 'स्टॉप' ऐकलं की अर्धवट नेमही सोडून द्यायचा.
५. पिस्तूल रिकामं आहे हे दिसावं म्हणून नळीत भडक रंगाची दोरी घालून ठेवायची.
६. पुढे लक्ष्याजवळ कुणी असेल तर हत्याराला हात लावायचा नाही.
७. रेंजवर खायचं नाही आणि निघताना साबणाने हात धुवायचे, कारण छर्रा शिशाचा असतो.

परत येताना वडील एवढंच म्हणाले, "इथं तर शाळेपेक्षा शिस्त हाय जी." त्यांची भीती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. पण यात्रेतली बंदूक, सिनेमातली बंदूक आणि रेंजवरचं पिस्तूल यांतला फरक त्यांनी स्वतः पाहिला. या खेळात मूल सगळ्यात आधी शिकतं ते हत्यार खाली ठेवायला. मुलाने नीट नेम धरला, पण हात हलायला लागला, तर ट्रिगर न दाबता हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. चिडक्या, घाई करणार्‍या मुलांना हे जड जातं. पण हेच शिकण्यासारखं आहे.

इथे पालकांना एक कळकळीची विनंती. हौसेपोटी दुकानातून एअरगन आणून मुलाच्या हाती देऊ नका. तिचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. पाखरं मारायला तर मुळीच नको, तो वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही होऊ शकतो. एअर पिस्तूल कमी ताकदीचं म्हणून त्याला परवान्याची गरज नसते, पण .२२ आणि त्यापुढच्या हत्यारांना शस्त्र कायदा, १९५९ लागू होतो. २१ वर्षांखालील व्यक्तीला परवाना मिळत नाही. लहान खेळाडूंना नियमांत बसणार्‍या प्रशिक्षणातच ती हाताळता येतात. म्हणून शिकायचं ते रेंजवर आणि प्रशिक्षकासमोरच.

वर्गात बंदुकीशिवाय काय करता येईल?

खेळण्यातली बंदूकसुद्धा न आणता पुढचे चार उपक्रम मी घेतले. तुम्हीही घेऊ शकता.

उपक्रम १ : आपला नेमाचा डोळा कोणता? दोन्ही हात पुढे लांब करून बोटांमध्ये छोटा त्रिकोण करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून फळ्यावरचा एक ठिपका पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ठिपका त्रिकोणातच राहतो, तो तुमचा प्रभावी डोळा. काही मुलांचा हात उजवा आणि डोळा डावा निघतो. ही माहिती प्रशिक्षकाला फार उपयोगी पडते.

उपक्रम २ : पाण्याची बाटली. एक लिटरची भरलेली बाटली एका हाताने खांद्याच्या उंचीवर १० सेकंद धरायची, मग एक मिनिट विश्रांती. असं पाच वेळा. लहान मुलांना अर्ध्या लिटरची द्या आणि दुखलं तर थांबवा. एअर पिस्तूल साधारण एक किलोचं असतं, त्यामुळे हात किती लवकर थरथरतो ते मुलांना कळतं.

उपक्रम ३ : एका मिलिमीटरची किंमत. हा गुणोत्तराचा पाठ आहे, सहावी-सातवीला छान जमतो. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण ३३ सेमी अंतर धरा. माशी १ मिमी सरकली तर १० मीटरवर, म्हणजे १००० सेमीवर, छर्रा किती सरकेल? १००० ÷ ३३ म्हणजे जवळपास ३० पट, म्हणून सुमारे ३ सेमी! एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर १० गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिमी व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं असतं. तो ३ सेमी सरकलेला छर्रा थेट ७ गुणांवर जातो. म्हणूनच प्रशिक्षक सांगतात की नजर माशीवर स्पष्ट हवी, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल.

उपक्रम ४ : दशांश अपूर्णांक. अंतिम फेरीत एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. स्वप्नीलने ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळवले. सरासरी काढा. उत्तर येतं साधारण १०.२६. "सर्व गोळ्या १०.९ च्या असत्या तर किती झाले असते?" हा पुढचा प्रश्न. ४७९.६ हे उत्तर आलं की मुलांना कळतं की ऑलिम्पिक पदक जिंकणार्‍याचीही प्रत्येक गोळी परिपूर्ण नसते.

नागपुरात सुरुवात कशी करावी?

पहिली चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. शालेय क्रीडा स्पर्धांत नेमबाजी आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. एअर पिस्तूल, ओपन साइट रायफल आणि पीप साइट रायफल असे प्रकार असतात. माध्यमिक शाळेत एन.सी.सी. असेल तर तोही एक दरवाजा आहे. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेल्या अंजली भागवत एन.सी.सी.तूनच या खेळात आल्या. राज्य पातळीवर पुण्याच्या बालेवाडीत शासनाची मोठी रेंज आहे आणि मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची.

रेंज निवडताना पालकांनी चार गोष्टी पाहाव्यात. प्रशिक्षक सतत हजर असतो का? सराव संपल्यावर हत्यारं कुलपात जातात का? मुलींसाठी वातावरण आणि येण्याजाण्याची सोय कशी आहे? आणि सुरुवातीला रेंजचंच पिस्तूल वापरायला मिळतं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्पर्धेचं परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. पहिली एक-दोन वर्षं ते विकत घ्यायची काहीच गरज नाही. मुलाची आवड टिकते का ते आधी पाहा.

शेवटी थोडंसं

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. रेंजची मासिक फी तिच्या घरच्यांना सध्या झेपत नाही. हातगाडीवर भाजी विकून तिघा भावंडांचं शिक्षण चालतं. वडिलांनी "सहावीत पाहू" असं सांगितलं आहे. 'नाही' वरून 'पाहू' पर्यंत ते आले, हेही मी कमी समजत नाही. तोपर्यंत ती रोज मधल्या सुट्टीत वर्‍हांड्यात भिंतीवरच्या ठिपक्याकडे बाटली धरून उभी राहते आणि किती सेकंद हात हलला नाही ते वहीत लिहिते. पहिल्या दिवशी ६ सेकंद होते. मागच्या शुक्रवारी २१ होते.

आता मी शाळेच्या वतीने जिल्हा क्रीडा कार्यालयात अर्ज लिहीत आहे, कमी फीत सरावाची काही सोय होते का ते विचारायला. तुमच्या जिल्ह्यात एखाद्या शाळेने अशी सोय करून घेतली असेल तर जरूर कळवा. त्या मुलीच्या वहीसारख्या आणखीही वह्या असतील.